कुलूप बदलायच्या आधी दार बघ

अरे, चावी अडतेय म्हणून लगेच नवं लॉक आणायला पळू नकोस. पुण्यात जून ते सप्टेंबर लाकडी दारं फुगतात, त्यामुळे चावी अडली की दोष बहुतेक वेळा लॉकचा नसतोच. दार उघडं ठेवून चावी फिरवून बघ. उघड्या दारात लॉकची जीभ (चावी फिरवली की दाराच्या कडेतून बाहेर येते ती) सरळ आत-बाहेर होत असेल, तर ती जिच्यात शिरते ती चौकटीवरची पट्टी सरकवायची किंवा तिचं भोक कानशीने जरासं वाढवायचं. झालं काम.

उघड्या दारातही अडतंय? मग पेन्सिलच्या शिशाची पूड चावीला चोळून चार-पाचदा फिरव. खोबरेल तेल अजिबात नको (आपल्याकडे सगळ्यावर तोच उपाय!), त्यात धूळ बसून चिकटा होतो.

सिलिंडरच (लॉकचा चावी घालायचा भाग) गेला असेल, तर दाराच्या कडेला जिभेच्या खाली एक लांब स्क्रू असतो, तो काढ. चावी घालून किंचित तिरकी कर, सिलिंडरवरचा फिरता दात त्याच्याच रेषेत आला की सिलिंडर बाहेर सरकतो. ओढाताण करू नकोस. नवा आणायला रविवार पेठेत बोहरी आळीत (हार्डवेअरच्या दुकानांच्या गल्लीत) जाताना जुना सिलिंडर खिशात ठेव. लांबी ६० की ७० मिमी, हे अंदाजाने सांगून चालत नाही. आणि हे सगळं दुपारी कर, रात्री दार उघडं टाकून बसायची वेळ नको.