चाळीस टक्के घेऊन सही करू का?

माजलगाव तालुक्यातले एक निवृत्त शिक्षक विचारतात: ग्रॅच्युइटीचे ११ लाख एका मल्टीस्टेट पतसंस्थेत ठेवले होते. शाखांना कुलपं लागली, गुन्हा दाखल झाला, अध्यक्ष आत गेले. आता त्यांचा माणूस पाचशेचा बाँडपेपर घेऊन येतो. चाळीस टक्के घ्या, ‘माझी तक्रार नाही’ असं लिहून द्या म्हणतो. गल्लीतला एक पोरगा शेतातली मोटार चोरली म्हणून वर्षभर तुरुंगात आहे, त्याला जामीनदार मिळत नाही. अध्यक्षांना मात्र छातीत दुखतं म्हणून दवाखान्यात हलवलं. हा कुठला न्याय?

गुरुजी, सही करू नका. एमपीआयडीचा, म्हणजे ठेवीदारांच्या संरक्षणाच्या कायद्याखालचा गुन्हा तुमच्या एकट्याच्या सहीने मिटत नाही. तो कागद अध्यक्षांना जामिनाच्या वेळी दाखवायला हवाय. म्हणजे तुमच्याच पैशातून ते स्वतःची सुटका विकत घेणार. पैसे भरण्याच्या हमीवर जामीन देऊ नका, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात बजावलंय. तुमचे पैसे परत करणं हे त्यांचं देणं आहे, त्याबद्दल शिक्षेत सूट कशाला?

कागदावर कायदा श्रीमंताला सोडत नाही. १९९९ च्या एमपीआयडी कायद्यात सहा वर्षांपर्यंत कैद आहे, विश्वासघाताचं मोठं कलम लागलं तर जन्मठेपेपर्यंत. (राहत्या घरातून पातेलं चोरणाऱ्यालाही सात वर्षांपर्यंत होऊ शकते, हे मला कधीच पटलेलं नाही.) खरा फरक पडतो तो खटला चालेपर्यंत कोण कुठे थांबतो यात. त्या पोराचा हा पहिलाच गुन्हा असेल आणि दुसरा खटला नसेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम ४७९ प्रमाणे कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढल्यावर त्याला जातमुचलक्यावर, म्हणजे स्वतःच्याच हमीपत्रावर सोडायला हवं. साध्या चोरीला कमाल तीन वर्षं, म्हणजे त्याची मुदत भरली. घरच्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवा, वकील फुकट मिळतो.

आता तुमचं. पाच लाखांचा ठेव विमा बँकेला असतो, मल्टीस्टेटला नाही; ती आशा सोडा. सक्षम प्राधिकाऱ्याकडे (एमपीआयडीखाली सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) दावा भरा. पावत्यांची झेरॉक्स द्या, मूळ पावती कुणाच्याही हातात देऊ नका. जामिनाच्या सुनावणीत पीडित म्हणून म्हणणं मांडता येतं. सरकारी वकिलांना आधी भेटा.

आणि एक काम तुमच्यासारखा गावातला माणूसच करू शकतो. शाखा बंद पडण्याआधीच्या वर्षभरात अध्यक्षांच्या मेहुण्या-भाच्यांच्या नावे कुठं जमिनी चढल्या, ते बघा. गट नंबर माहीत असेल तर सातबारा महाभूलेखवर दिसतो; त्यावरचा फेरफार क्रमांक घेऊन तलाठ्याकडे नक्कल मागा. संस्थेच्या पैशातून नातेवाइकांच्या नावे घेतलेली मालमत्ताही जप्त होऊ शकते. नकला तपास अधिकाऱ्याला द्या, आणि पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका.