120 तास भरले, पण मन भरलं नाही

*ताई, मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, कोल्हापुरात सुतारवाड्यात राहते. एनएसएसचे (राष्ट्रीय सेवा योजनेचे) वर्षाचे 120 तास भरले. रोपं लावली, घाट झाडला, फोटो निघाले. पण ती रोपं जगली का, मला माहीत नाही. 2019 च्या महापुरात आम्ही घर सोडून मुक्कामाला होतो, तेव्हा कोण कुठल्या बायका गरम भाकरी-आमटी आणून द्यायच्या. तसं काहीतरी करायचंय. कुठे जाऊ?*

अगं, आधी तुझ्या गल्लीतच बघ. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना पोचलं की इशारा आणि 43 ला धोका, हे सुतारवाड्यातल्या पोरीला मी काय सांगायचं! पण पाणी चढायला लागल्यावर कुणाच्या घरी अंथरुणाला खिळलेले आजोबा आहेत, कुणाचं डायलिसिस चालू आहे, कुणाच्या दावणीला म्हैस आहे, याची यादी कुणाकडे असते का? मे महिन्यात घरोघरी फिरून ती कर. रेशनकार्ड, आधार, पासबुक एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवायला लाव. पूर ओसरला की पंचनामे होतात, मदत खात्यावर येते, आणि नावात एक अक्षर चुकलं तरी माणसं हेलपाटे घालत बसतात. तू कॉमर्सची, तुला हे कागद कळतात. माझ्या लेखी त्या भाकरीइतकंच हे मोलाचं आहे.

एरवी सीपीआरला, म्हणजे आपल्या सरकारी दवाखान्यात जा. राधानगरी, शाहूवाडीकडून पहाटेच्या एसटीनं आलेली म्हातारी माणसं केसपेपरच्या रांगेत बावरून उभी असतात. कॉलेजचं पत्र घेऊन तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना भेट आणि तुम्हाला कशाची गरज आहे, एवढंच विचार. फॉर्म भरून द्यायला सांगतील, नाहीतर एक्स-रेची खोली दाखवायला. ते सांगतील ते कर.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. कॉलेजात असताना मी ऊसतोड मजुरांच्या खोपींवर मुलांना शिकवायला जायचे. तीन आठवडे गेले, मग परीक्षा आली आणि काहीच न सांगता जायची थांबले. पुढं कळलं, एक मुलगी कितीतरी दिवस संध्याकाळी पाटी घेऊन रस्त्याकडेला बसायची. ते आजही टोचतं मला. म्हणून आठवड्याचे दोनच तास ठरव, पण ठरलेला वार चुकवू नकोस. परीक्षेमुळं जमणार नसेल तर आधी सांगून ये.

आणि या रविवारी ती रोपं बघून ये. जगली असतील तर उन्हाळाभर त्यांना पाणी घालायला कुणीतरी लागेल.