डॉक्टर व्हायचंय, मग गणित ठेवू की सोडू?

अकरावीच्या विषयनिवडीबद्दल आलेल्या पत्रांतली काही या वेळी घेतली आहेत. एक पत्र थेट अमेरिकेचं आहे, पण दुखणं तेच.

प्रश्न : मुलीला एमबीबीएसच करायचं आहे. क्लासवाले म्हणतात गणित सोडा, तो वेळ बायोला द्या. तिचे बाबा म्हणतात, राहू दे. कोणाचं ऐकावं?
– एक आई, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : ‘नीट’ या मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत गणित नाही, पात्रतेतही त्याचे गुण धरत नाहीत. ७२० पैकी ३६० गुण एकट्या जीवशास्त्राचे, फिजिक्स-केमिस्ट्रीचे १८०-१८०. एवढंच पाहिलं तर क्लासवाले बरोबर आहेत. पण चांगल्या मुलांची गाडी अडते ती फिजिक्सला, आणि फिजिक्स गणिताशिवाय हलत नाही. वेग-काळ आलेखाखालचं क्षेत्रफळ म्हणजे विस्थापन, हे समजायला इंटिग्रेशनची तोंडओळख लागते. उतारावरून घसरणाऱ्या ठोकळ्याच्या गणितात साइन ३७ म्हणजे ३/५ हे डोक्यात हवं. किरणोत्सर्गाच्या धड्यात लॉग येतोच. गणित सोडलेल्यांना हे सगळं फिजिक्सचे सर घाईघाईत उरकून देतात, आणि मग मुलगी म्हणते, ‘मला फिजिक्स जमत नाही’. खरं तर अडलेलं असतं गणित.

म्हणून माझं मत असं : दहावीत गणित हसतखेळत झालं असेल तर ठेवा. पोटात गोळा येत असेल तर बिनधास्त सोडा, मात्र त्रिकोणमिती, सदिश आणि डेरिव्हेटिव्ह एवढं तिला करू द्या. बोर्डाचा पेपर डोक्यावर नसताना ते बरंच सोपं जातं.

बाबांच्या मनात बहुधा इंजिनिअरिंगचा दरवाजा उघडा ठेवणं असावं. तो मुलीला हवा आहे का, हे तिलाच विचारा. बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस, फिजिओथेरपी, व्हेटरनरी हे सगळं आपल्याकडे नीटवरच होतं. बी. फार्मला राज्याच्या सीईटीचा पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) ग्रुप चालतो. यांतल्या कशालाही गणित लागत नाही.

प्रश्न : सगळे म्हणतात आयटी (माहिती तंत्रज्ञान) हा विषय स्कोअरिंग आहे. मराठीऐवजी घेतलं तर मेडिकलला अडचण येईल का?
– विद्यार्थी, ऐरोली

उत्तर : नाही. इंग्रजी मात्र हवंच, ते पात्रतेत आहे. पण आयटीच्या गुणांनी मेडिकलला काही फरक पडत नाही. खुल्या वर्गाला पीसीबीत मिळून ५० टक्के, राखीव वर्गाला ४०. पुढची रांग नीटच्या गुणांवर. मग ‘स्कोअरिंग’ कशासाठी? कळव्याच्या ओपीडीत मुरबाड-शहापूरहून आलेली आजी पोटदुखी मराठीतच सांगणार आहे, एवढं आपलं माझं जाता जाता.

प्रश्न : शाळेत बायोलॉजी आणि बायोटेक्नॉलॉजी असे दोन पर्याय आहेत. नियमात दोन्ही चालतात ना?
– पालक, नेरुळ

उत्तर : नियमात चालतात. पण नीटच्या पेपरात प्रश्न येतात बायोलॉजीचे. बायोलॉजी घ्या.

प्रश्न : भाची न्यू जर्सीत कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात आहे. मेडिकल स्कूलला अर्ज करण्याआधी जेनेटिक्स, ॲनाटॉमी असे जादा कोर्स घ्यावेत का, असं विचारते. इथून काय सांगू?
– एक मावशी, खारघर

उत्तर : तिकडे पदवीनंतर मेडिकल. बहुतेक मेडिकल स्कूलना बायोलॉजी, जनरल आणि ऑरगॅनिक केमिस्ट्री आणि फिजिक्स लॅबसकट हवं असतं. बायोकेमिस्ट्री अनेक ठिकाणी ऐच्छिक दिसते, पण २०१५ पासून एमकॅट या तिकडच्या मेडिकल प्रवेश परीक्षेत ती आहे, सोबत मानसशास्त्र आणि समाजशास्त्रही. तेव्हा ती आधी. जेनेटिक्स आवडीनं घ्यावं. ॲनाटॉमी मेडिकलच्या पहिल्या वर्षात पुन्हा मुळापासून शिकवतातच. आणखी एक गोष्ट तिला जरूर सांगा : तिकडच्या अर्जात बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणित यांची सरासरी वेगळी काढली जाते. जादा कोर्समध्ये ‘ए’ आला तर ती वर जाते, ‘सी’ आला तर तोच कोर्स नडतो. नुसता अर्ज भरगच्च दिसावा म्हणून अवघड कोर्स घेणं मला परवडणारं वाटत नाही.

प्रश्न : बारावीला गणित आणि बायफोकल (व्यावसायिक विषय) इलेक्ट्रॉनिक्स होतं, बायो नव्हतं. आता इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात कळतंय की मला मेडिकलला जायचंय. फार उशीर झाला का?
– विद्यार्थी, डोंबिवली

उत्तर : नाही. पूर्वी अकरावी-बारावीत दोन वर्षं नियमित बायो असणं आवश्यक होतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ते शिथिल केलं : बारावीनंतर मान्यताप्राप्त बोर्डातून बायो जादा विषय म्हणून उत्तीर्ण झालेल्यांनाही नीट देता येते. कमाल वयाची अट नाही. आपल्या बोर्डात याला ‘तुरळक विषय’ किंवा आयसोलेटेड म्हणतात. फॉर्म परीक्षेच्या बऱ्याच आधी भरून होतात, म्हणून आधी तुझ्या ज्युनिअर कॉलेजच्या ऑफिसात जा. तिथे टोलवाटोलवी झाली तर वाशीचं विभागीय मंडळ गाठ.

इंजिनिअरिंग लगेच सोडू नकोस. आधी एनसीईआरटीची बायोची अकरावी-बारावीची दोन्ही पुस्तकं आणून वनस्पतींचं वर्गीकरण आणि मानवी शरीरक्रिया वाचून बघ. तिथेच कंटाळा आला तर वर्ष वाचलं. गोडी लागली तर प्रॅक्टिकलची सोय कुठल्या कॉलेजात होईल ते फॉर्म भरतानाच विचारून घे. बायोत ३० गुण प्रॅक्टिकलचे आहेत.