पेट्रोल की वीज? नवी गाडी घेताना

प्रश्न : आमची पेट्रोलवर चालणारी गाडी तेरा वर्षांची झाली असून दुरुस्तीचा खर्च वाढत चालल्यामुळे येत्या काही महिन्यांत नवी गाडी घ्यावी लागेल. रोजचे जाणे-येणे ४५ किलोमीटर आहे आणि वर्षातून सहा-सात वेळा ३५० किलोमीटरवरच्या गावी जावे लागते. विजेवरची गाडी घ्यावी असे मनापासून वाटते. पण दोन-तीन वर्षांत नवी बॅटरी येईल आणि आपली गाडी कालबाह्य ठरेल, ही भीती वाटते. पेट्रोलची घ्यावी, तर उद्या तिच्यावर निर्बंध येतील की काय, ही दुसरी भीती. शिवाय आम्ही भाड्याच्या घरात राहतो. गाडी लावायला स्वतंत्र जागा आहे, पण तिथे विजेची जोडणी नाही. सहा महिने नुसते वाचतो आहे आणि गोंधळ वाढतोच आहे. निर्णय कसा घ्यावा?

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आपण सर्वांत शेवटी, ‘शिवाय’ म्हणून लिहिली आहे. बॅटरीचे, इंधनाच्या भावाचे आणि सरकारी धोरणांचे पुढे काय होणार, हे आपण आणखी सहा महिने वाचले तरी कळणार नाही. गाडी लावण्याच्या जागेपर्यंत विजेची तार येऊ शकते की नाही, हे मात्र घरमालकांशी बोलून आणि एखाद्या जाणत्या वायरमनला जागा दाखवून आठवडाभरात कळू शकते. माझ्या मते आपला निम्म्याहून अधिक निर्णय त्या एका उत्तरावर ठरेल, म्हणून आधी तेवढे करावे.

घरी चार्जिंगसाठी फार मोठी व्यवस्था लागते, हा गैरसमज आहे. मध्यम आकाराची विजेवरची गाडी, चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज धरूनही, एका युनिटमध्ये साधारण सहा किलोमीटर चालते. म्हणजे ४५ किलोमीटरला साडेसात युनिटे लागतात आणि २३० व्होल्टच्या जोडणीवर १५ अँपिअरचा चांगला सॉकेट ती तीन-साडेतीन तासांत देतो. अर्थिंग नीट हवे, तार योग्य जाडीची हवी, घराच्या मंजूर भारात ती बसायला हवी. कामचलाऊ एक्स्टेंशन बोर्ड लावून हे काम कधीही करू नये. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीला वेगवान चार्जरची गरज नसते.

खर्चाच्या तुलनेसाठी एक सोपा ठोकताळा देतो. त्याच आकाराची पेट्रोलची गाडी लिटरमागे १५ किलोमीटर चालते असे धरले, तर एक लिटर पेट्रोल आणि अडीच युनिटे वीज यांवर अंतर सारखेच कापले जाते. आपल्याकडील एक लिटर पेट्रोलचा भाव अडीच युनिटांच्या दरापेक्षा जितका जास्त, तितकी प्रत्येक १५ किलोमीटरमागे आपली बचत. एका लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिटांइतकी ऊर्जा असते, तरीही हे प्रमाण अडीचवर येते, कारण इंजिनात तिचा मोठा भाग उष्णतेच्या रूपाने वाया जातो. हा हिशेब घरच्या दराने एकदा आणि सार्वजनिक वेगवान चार्जरच्या दराने एकदा, असा दोनदा मांडावा. सार्वजनिक दर पुष्कळदा घरच्या दराच्या दुप्पट-तिप्पट असतो आणि तिथे हा फायदा कधी कधी पूर्णपणे नाहीसा होतो. विजेवरची गाडी स्वस्तात चालते हे विधान खरे आहे, पण ते बहुतांशी घरी चार्ज करणाऱ्याच्या बाबतीत खरे आहे.

आता गावचा प्रवास. गाडीची रेंज, म्हणजे एकदा पूर्ण चार्ज केल्यावर ती किती अंतर जाते, हे प्रमाणित चाचणीवरून जाहीर केले जाते. युरोपात २०१७ पासून वापरात आलेल्या अशा डब्ल्यूएलटीपी चाचणीतील सरासरी वेग ताशी सुमारे ४६ किलोमीटर असतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे महामार्गावर सलग शंभर-एकशे दहाने जाणाऱ्या गाडीला जाहीर केलेली रेंज मिळत नाही; एक चतुर्थांश घट धरून चालावे, कडाक्याच्या थंडीत त्याहूनही जास्त. ४०० किलोमीटरचा दावा असलेली गाडी म्हणूनच आपल्याला वाटेत एकदा तरी थांबवावी लागेल. वेगवान चार्जरवर बॅटरी १० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर यायला बहुतेक गाड्यांना अर्धा ते पाऊण तास लागतो. त्यानंतर चार्जिंगचा वेग मुद्दाम कमी केला जात असल्याने पुढे ताटकळण्यात अर्थ नसतो. वर्षातून सहा-सात वेळा हा थांबा जड नाही. खरी अडचण चार्जर बंद असण्याची किंवा रांग असण्याची असते. म्हणून पुढच्या खेपेला जुन्याच गाडीने जाताना वाटेतील दोन-तीन चार्जरपाशी दहा मिनिटे थांबावे आणि तिथे काय चालते ते स्वतः पाहावे. सहा महिन्यांच्या वाचनापेक्षा त्यातून अधिक कळेल.

बॅटरीबद्दलच्या भीतीची थोडी फोड करू. अनेक उत्पादक बॅटरीवर ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोपर्यंत, ७० टक्के क्षमता राहण्याची हमी देतात. आपला रोजचा आणि गावचा प्रवास मिळून वर्षाला १७-१८ हजार किलोमीटर होतो, म्हणजे आठ वर्षांत सुमारे १,४०,०००. पूर्ण आठ वर्षे आपण हमीच्या आत राहता. त्यानंतर क्षमता खरोखरच ७० टक्क्यांवर आली, तरी प्रत्यक्षात ३०० किलोमीटर जाणारी गाडी २१० किलोमीटर जाईल. गावच्या वाटेवर दुसरा थांबा वाढेल, पण ४५ किलोमीटरच्या फेरीला काहीच फरक पडणार नाही.

गाडी निवडताना मात्र दोन गोष्टी आवर्जून विचाराव्यात. पहिली म्हणजे बॅटरी थंड ठेवण्यासाठी द्रवाची यंत्रणा आहे का. २०१० मध्ये आलेल्या निसान लीफमध्ये ती नव्हती आणि उष्ण प्रदेशांत क्षमता लवकर घटल्याच्या तक्रारी २०१२ च्या सुमारास गाजल्या. दुसरी म्हणजे बॅटरीचे रसायन. लिथियम-आयर्न-फॉस्फेट प्रकारची बॅटरी वजनाच्या मानाने कमी ऊर्जा साठवते, पण चार्जिंगची आवर्तने अधिक सोसते. निकेल असलेली बॅटरी हलकी पडते, पण ती रोज पूर्ण भरू नये, ८० टक्क्यांवर थांबवावी.

नव्या बॅटरीमुळे आपली गाडी चालायची थांबत नाही, तिची विक्रीची किंमत घसरते. ही घसरण खरी आहे. २०१० नंतरच्या दशकात लिथियम-आयन बॅटरीची किंमत सुमारे ९० टक्क्यांनी उतरली आणि नवे मॉडेल स्वस्त झाले की जुन्याला कोणी पूर्वीचा भाव देत नाही. परंतु हा फटका तीन-चार वर्षांनी गाडी बदलणाऱ्याला बसतो. आपण एक गाडी तेरा वर्षे वापरली आहे. ती सवय कायम राहणार असेल, तर विक्रीच्या किमतीची चिंता आपण उसनी घेतली आहे.

धोरणांविषयी थोडक्यात लिहितो. ब्रिटनने २०२० मध्ये नव्या पेट्रोल गाड्यांची विक्री २०३० पासून थांबवण्याचे जाहीर केले, २०२३ मध्ये ती मुदत २०३५ वर नेली आणि सरकार बदलल्यावर पुन्हा २०३० वर आणली. सगळा गाजावाजा होता नव्या गाड्यांच्या विक्रीबाबत. लोकांच्या दारातली जुनी गाडी काढून घ्यावी, असे त्यात कधीच नव्हते. काही शहरांत जुन्या वाहनांच्या प्रवेशावर निर्बंध आहेत, तेवढे आपल्या रोजच्या मार्गापुरते तपासावे.

आपल्या जागी मी असतो, तर असे केले असते. तार येत असेल आणि त्या घरात किमान चार-पाच वर्षे राहण्याची खात्री असेल, तर विजेवरची गाडी घेतली असती. घरमालकांनी नकार दिला किंवा घर सोडण्याची शक्यता असली, तर पेट्रोलचीच घेतली असती. पण नवी आणि मोठी नव्हे, तीन-चार वर्षे वापरलेली, लहान आणि कमी पैसे गुंतवणारी, म्हणजे परिस्थिती बदलल्यावर ती विकताना जीवावर येणार नाही. थांबायचेच असेल, तर कशासाठी थांबतो आहोत हे ठरवून थांबावे. घरमालकांच्या परवानगीसाठी तीन महिने थांबणे समजण्यासारखे आहे. याहून चांगली बॅटरी येईल म्हणून थांबणाऱ्याला पुढल्या वर्षीही तेच कारण मिळेल आणि तोवर जुन्या गाडीच्या दुरुस्तीचे बिल चालूच राहील.

प्रश्न : या सगळ्या गोंधळात हायब्रिड हा सुरक्षित मधला मार्ग नाही का?

उत्तर : हायब्रिड म्हणजे पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली गाडी. ती कोणत्या प्रकारची, यावर ते अवलंबून आहे. १९९७ मध्ये जपानमध्ये आलेल्या प्रियसच्या जातीची साधी हायब्रिड बाहेरून वीज घेत नाही. तिची सगळी ऊर्जा शेवटी पेट्रोलमधूनच येते. ब्रेक लावताना एरवी वाया जाणारी ऊर्जा ती साठवते, त्यामुळे थांबत-थांबत चालणाऱ्या शहरी रहदारीत तिचा चांगला उपयोग होतो. घरी चार्जिंगची सोय नसलेल्यांसाठी हा खरोखर चांगला पर्याय आहे. प्लगची, म्हणजे बाहेरून चार्ज करता येणारी हायब्रिड मात्र नियमित चार्ज केली तरच परवडते. नाहीतर जड बॅटरीचे ओझे पेट्रोलवर वाहून न्यावे लागते. युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात अशा गाड्यांचे रस्त्यावरचे प्रत्यक्ष उत्सर्जन चाचणीतील आकड्याच्या सरासरी साडेतीन पट आढळले, आणि लोक त्या पुरेशा चार्ज करत नाहीत हे त्यामागचे मुख्य कारण होते. म्हणजे त्या गाडीसाठीही आधी सॉकेटचाच प्रश्न सोडवावा लागतो. आणि तो सुटला की पूर्ण विजेवरच्या गाडीचा विचार करायला हरकत उरत नाही, फक्त लांबच्या वाटेवर भरवशाचे चार्जर असावेत.