१९६५ च्या युद्धात सरगोध्याहून न परतलेल्या स्क्वाड्रन लीडर देवय्यांना महावीर चक्र मिळायला २३ वर्षं का लागली, सरकार फाईल दाबून बसलं होतं का?

उशीर झाला कारण त्यांना लढताना आपल्या बाजूच्या कुणीच पाहिलं नव्हतं. पाहणारा एकच होता आणि तो समोरच्या विमानात होता.

मी हवाई दलात इंजिन फिटर होतो. निवृत्तीनंतर अमळनेरला असतो. पासष्टच्या लढाईनंतर भरती झालो, तेव्हा हे सगळं वाचलेलं आणि जुन्या सार्जंट मंडळींकडून ऐकलेलं.

७ सप्टेंबर १९६५ च्या पहाटे पंजाबातल्या आदमपूरहून क्रमांक १ स्क्वाड्रनची मिस्टेर लढाऊ विमानं पाकिस्तानातल्या सरगोधा हवाई तळावर हल्ल्याला निघाली. नेतृत्व विंग कमांडर ओ. पी. तनेजांचं. बारा विमानं हल्ल्याची आणि दोन राखीव. अज्जमाडा बोपय्या देवय्या, मूळचे कोडगूचे, त्या राखिवांत होते. पुढचं एक विमान गळालं म्हणून ते गेले. सरगोधा म्हणजे मिस्टेरच्या पल्ल्याची जवळजवळ हद्दच. वाटेत रेंगाळायला इंधन नाही. जमिनीला चिकटून उडायचं, रेडिओवर बोलायचं नाही, बॉम्ब-रॉकेट टाकून थेट घरचा रस्ता धरायचा. त्या अर्धवट उजेडात शेजारचा कुठे आहे हे कुणाला नीट दिसत नाही. सगळे उतरले तेव्हा एक विमान कमी होतं. नोंद झाली ‘मिसिंग’.

ही नोंद जमिनीवर कशी दिसते ते सांगतो. प्रत्येक विमानाचं एक फॉर्म ७०० असतं, त्याची जन्मपत्रिकाच म्हणा. उड्डाणाआधी आम्ही आपापल्या कामाची सही करायची, मग वैमानिक सही करून विमान ताब्यात घेतो. परतल्यावर बिघाड असेल तो लिहून पुन्हा सही. विमान आलं नाही तर दुसरी सही होत नाही. मग चौकशी बसते आणि पहिला प्रश्न आम्हालाच येतो, मशीन ठीक होतं ना? फिटरच्या पोटात गोळा येतो तो तिथे.

आणि घरी? आमच्या खान्देशात माणूस गेला की पत्रिका निघते, गंधमुक्ती, म्हणजे उत्तरकार्य, अमुक तारखेला. इथे तारखेचाच पत्ता नाही. गावाकडे ही गोष्ट सांगितली की म्हाताऱ्या हटकून विचारतात, “मंग त्यानं काय व्हयनं?” म्हणजे, मग त्याचं काय झालं? देवय्यांच्या बाबतीत याचं उत्तर द्यायला आपल्याकडे कित्येक वर्षं काहीच नव्हतं.

झालं होतं असं. परतीच्या वाटेवर पाकिस्तानी हवाई दलाच्या फ्लाइट लेफ्टनंट अमजद हुसेन यांनी एफ-१०४ स्टारफायटर घेऊन देवय्यांना गाठलं. ते विमान आवाजाच्या दुप्पट वेगाचं, मिस्टेर त्याच्यापुढे म्हातारं. आधी क्षेपणास्त्र सोडलं, ते चुकलं. मग तोफेचा मारा मिस्टेरला लागला. इतकं झाल्यावर कुणी पळायचं बघेल. देवय्या उलटे फिरले. आता स्टारफायटरचे पंख अगदी तोकडे. सरळ रेषेत त्याला तोड नाही, पण वळायला त्याला फार जागा लागते. अशा झोंबाझोंबीत मिस्टेरच्या दोन ३० मिलिमीटर तोफा पुरेशा असतात. स्टारफायटर कोसळलं, हुसेन इजेक्ट होऊन वाचले. देवय्या आणि त्यांचं विमान पाकिस्तानच्या हद्दीतच पडलं.

हे उघड झालं ते ब्रिटिश लेखक जॉन फ्रिकर यांच्या १९७९ च्या पुस्तकामुळे. त्यांना पाकिस्तानी हवाई दलाकडून माहिती मिळाली होती. शत्रूच्या बाजूची कहाणी आणि आपल्याकडचं गायब विमान, दोन्ही जुळली. तनेजांनी पाठपुरावा केला आणि १९८८ मध्ये मरणोत्तर महावीर चक्र जाहीर झालं.

तुलनेसाठी निर्मलजित सिंग सेखों घ्या. १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरवर सहा पाकिस्तानी सेबर विमानं आली, हे आपलं छोटं नॅट विमान घेऊन एकटे भिडले. विमानाचे अवशेष दरीत सापडले, देह मिळाला नाही. पण लढाई तळाच्या डोक्यावर झाली होती, रेडिओवरचा शेवटचा आवाज साथीदाराने ऐकला होता. परमवीर चक्राला साक्षीची वाट पाहावी लागली नाही.

तिसरी गोष्ट फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे यांची. ५ डिसेंबर १९७१ ला पाकिस्तानातल्या शोरकोट तळावरच्या हल्ल्यात त्यांचं सुखोई-७ पडलं. पकडलेल्यांत त्यांच्यासारखं नाव पाकिस्तानी वर्तमानपत्रात छापून आलं, आणि तरीही ते परतले नाहीत. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या. २००७ मध्ये बेपत्ता सैनिकांचे नातेवाईक पाकिस्तानातले तुरुंग पाहून आले, हाती काही लागलं नाही. इथे साक्ष आहे, पण समोरची बाजू ती मानत नाही.

तुमच्या प्रश्नात ‘सरकार फाईल दाबून बसलं होतं का’ असंही आहे. १९७९ पर्यंतच्या काळाबद्दल मी तसं म्हणणार नाही. शौर्यपदकाला प्रशस्तिपत्र लिहावं लागतं आणि ‘निघाले, परतले नाहीत’ एवढ्यावर ते लिहिता येत नाही. पुस्तक आल्यानंतरची नऊ वर्षं मात्र मला जास्तच वाटतात.