वही तिला परत द्या

प्रश्न : मुलगी इंदूरला एम.एस्सी. केमिस्ट्रीच्या शेवटच्या सेमिस्टरला आहे. प्रोजेक्टमध्ये झिंक ऑक्साइडचे नॅनोकण बनवते. तिच्या वहीत मी वाचलं, ‘काड्या हव्या होत्या, फुलं आली. पीएच १०.५.’ हेच तीन वेळा! दोन वर्षं पांढरी पावडर करण्यात गेली. मी तिचा बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरून टाकला आहे. तिला कसं समजवावं?
– एक वडील, सुदामानगर

उत्तर : मला तुमच्या मुलीपेक्षा त्या वहीची काळजी वाटली. ती तुम्ही तिला न विचारता उघडलीत, आणि फॉर्मही न विचारता भरलात. त्यावर सही कोणाची आहे? एम.एस्सी. होत आलेल्या मुलीच्या बॅगेत हात घालायचा नसतो. घरात असं होऊ लागलं की मुलं भांडत नाहीत, सांगणंच बंद करतात. तुमच्या पत्रात तिचं म्हणणं एका ओळीतही नाही. तुम्ही तिला विचारलंच नाहीत, की तिने सांगणं सोडलंय?

आता फुलांबद्दल. झिंक नायट्रेट आणि हेक्झामाइनचं द्रावण ९० अंशांच्या आसपास तापवलं, की हेक्झामाइन सावकाश फुटून अमोनिया सुटतो आणि झिंक ऑक्साइडचे षट्कोनी स्फटिक धरू लागतात. ते एका दिशेने भराभर वाढतात, बाजूंना कमी, म्हणून काड्या. अमोनिया घालून पीएच (द्रावण किती आम्लधर्मी की अल्कधर्मी, त्याचा आकडा) चढवला, तर एकाच ठिकाणाहून अनेक काड्या चहूकडे फुटू शकतात. मायक्रोस्कोपखाली तीच फुलं दिसतात. सायट्रेट (सायट्रिक आम्लाचा क्षार) घातलं तर ते स्फटिकाच्या टोकाला चिकटतं, लांबी खुंटते आणि चकत्या मिळतात. आकार ताब्यात ठेवणं म्हणतात ते हेच. फुलं एकदा आली असती तर चूक म्हटलं असतं. त्याच पीएचला तीनदा आली आणि तिने तिन्ही वेळा आकडा लिहून ठेवला. तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून तुम्ही पाठवलेली ती ओळ वाचून मला तिचा अभिमान वाटला. पीएच खाली आणून पाहिला का, एवढंच तिला विचारावंसं वाटतं.

नेट आणि गेट या परीक्षांची माहिती तिच्याकडे असणारच. जेआरएफ, म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलोशिप, मिळाली तर २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये फेलोशिप आहे, म्हणजे पीएच.डी. तुमच्या खिशातून होत नाही. पण पाच-सहा वर्षं जातात आणि पुढे कायम नोकऱ्या थोड्या आहेत, हे तिला स्पष्ट सांगा. पीएच.डी. नको असेल, तर औषध कंपन्यांतही स्फटिकाच्या आकाराला महत्त्व असतं. पावडर गाळली कशी जाते, गोळी दाबली कशी जाते, ते त्यावर ठरतं. पीथमपूरचं औद्योगिक क्षेत्र तुमच्या जवळच आहे. तिथे एक्सआरडीचा, म्हणजे क्ष-किरणांनी केलेल्या स्फटिक-तपासणीचा, आलेख वाचता येणारी मुलगी पावडर बनवणारी म्हणून ओळखली जात नाही.

बँकेची नोकरी चांगलीच असते, ती तिला हवी असली तर. परीक्षेची तारीख प्रोजेक्ट जमा करण्याच्या दिवसांत येत असेल तर तिला आजच सांगा आणि ठरवू द्या. फीचे पैसे गेले तर जाऊ द्यात.