भाड्याच्या घरातील एसीची दुरुस्ती नीट झाली की नाही, हे कसे ओळखावे?

आपण विचारले आहे की, भाड्याच्या फ्लॅटमधील दीड टनाचा स्प्लिट एसी घरमालकांनी दोनदा दुरुस्त करून दिला, दोन्ही वेळा मेकॅनिकने ‘गॅस भरला’ असे सांगितले आणि दोन्ही वेळा महिन्याभरात थंडावा पुन्हा गेला, तर काम चांगले झाले की नाही हे तांत्रिक माहिती नसलेल्या भाडेकरूने कसे ठरवावे. मी ठाण्यात अकरा वर्षे भाड्याच्या घरांत राहिलो आहे आणि नेमका हाच त्रास सोसला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एसीतला गॅस वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांतून इनडोर (खोलीतला भाग) आणि आउटडोर (बाहेरचा भाग) यांच्यामध्ये वर्षानुवर्षे फिरत राहतो, आणि कमी झाला असेल तर तो कुठून तरी गळलेला असतो, याला दुसरे कारण नाही. त्यामुळे नुसता गॅस भरून गेलेल्या माणसाने दुरुस्ती केली असे मी मानत नाही. मेकॅनिक मशीन सुरू करून गार हवा दाखवतो तेव्हा आपल्याला बरे वाटते, पण त्या दिवशीचा थंडावा एवढेच सांगतो की आता मशीनमध्ये गॅस आहे. तो पुढच्या महिन्यात राहील का, हे त्यावरून कळत नाही. म्हणून विचारायचा खरा प्रश्न एकच: गळती कुठे होती? चांगल्या कारागिराला त्या जागेवर बोट ठेवून उत्तर देता येते.

माझ्याकडे एका उन्हाळ्यात तीनदा गॅस भरला गेला आणि तिन्ही वेळचे पैसे नाशिकला राहणाऱ्या आमच्या घरमालक काकांनी दिले. चौथ्या वेळी आलेल्या वयस्कर मेकॅनिकने गेज (गॅसचा दाब मोजायचे मीटर) जोडण्याआधी आउटडोरच्या बाजूच्या दोन पितळी नटांवरून बोट फिरवले आणि बोटाला लागलेला काळा, तेलकट थर मला दाखवला. कॉम्प्रेसरमधले (गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपातले) थोडे तेल गॅसबरोबर फिरत असते, त्यामुळे जिथून गॅस निसटतो तिथे तेल पाझरते आणि त्यावर धूळ चिकटते, हे त्यांनी समजावून सांगितले. मग भांडी घासायच्या लिक्विडचा फेस त्यांनी दोन्ही नटांना लावला. जाड नळीच्या नटापाशी मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक फुगू लागले. तीन वेळा गॅस भरणाऱ्यांनी ती जागा एकदाही पाहिली नव्हती.

त्यांनी नळीचे चिरलेले टोक कापून नवीन फ्लेअर केला, म्हणजे नटात घट्ट बसावे म्हणून नळीचे तोंड पसरट केले, आणि नळ्यांत नायट्रोजनचा दाब भरून गेजचा काटा अर्धा तास जागचा हलत नाही ना, हे पाहिले. त्यानंतर व्हॅक्यूम पंप लावून नळ्यांतली हवा व ओल काढली आणि आउटडोरच्या लेबलवर छापलेल्या वजनाइतकाच गॅस वजनकाट्यावर मोजून भरला. या सगळ्याला अडीच तास लागले. पुढचे दोन उन्हाळे त्या मशीनला गॅस लागला नाही. तेव्हापासून मी वेळेकडे लक्ष देतो: गळतीचे काम वीस मिनिटांत उरकले, तर यातली कोणती तरी पायरी गाळलेली असते. गॅसचा प्रकारही त्याच लेबलवर असतो. आर-२२ च्या मशीनमध्ये आर-३२ भरणे किंवा उलट करणे चुकीचे आहे, आणि आर-३२ पेट घेऊ शकतो म्हणून ते धोक्याचेही आहे. दाब तपासायला कोणी ऑक्सिजनचे सिलिंडर लावू लागला, तर त्याला तिथेच थांबवावे, कारण नळ्यांतल्या तेलाशी ऑक्सिजनचा संबंध आला की स्फोट होऊ शकतो.

थंडावा स्वतः मोजण्यासाठी साधा डिजिटल थर्मामीटर पुरतो. दारे-खिडक्या लावून, तापमान सर्वांत कमी आणि पंखा वेगात ठेवून मशीन वीस मिनिटे चालू द्यावे. मग इनडोरच्या वरच्या जाळीपाशी आत जाणाऱ्या हवेचे आणि खालच्या झडपेपाशी बाहेर येणाऱ्या हवेचे तापमान घ्यावे. दोहोंत साधारण ८ ते १२ अंशांचा फरक असावा. पावसाळ्यात मशीनची बरीच शक्ती हवेतली ओल काढण्यात जाते, तेव्हा फरक थोडा कमी दिसला तरी घाबरू नये. हा आकडा दुरुस्तीच्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने असा तीनदा लिहून ठेवावा. तो हळूहळू घसरत असेल आणि फिल्टर स्वच्छ असेल, तर गळती कायम असल्याचा दाट संशय घ्यावा.

इतर बिघाडांचे पटकन सांगतो. कपॅसिटर (मोटार सुरू व्हायला मदत करणारा भाग) किंवा पीसीबी (इलेक्ट्रॉनिक सर्किटची पट्टी) बदलला असेल, तर जुना भाग मागून घ्यावा आणि नव्या कपॅसिटरवरचा मायक्रोफॅरडचा आकडा जुन्याइतकाच आहे ना, ते पाहावे. खोलीत पाणी गळत असेल, तर मेकॅनिकसमोरच ट्रेमध्ये मगभर पाणी ओतायला सांगून ते बाहेरच्या पाइपातून येते का, हे बघावे.

भाड्याच्या घरातली खरी अडचण अशी की पैसे एक जण देतो आणि उकाडा दुसरा सोसतो, त्यामुळे घरमालकांना आपली तक्रार पुष्कळदा कुरकुर वाटते. म्हणून बिलावर ‘गॅस चार्जिंग’ एवढेच न लिहिता गळतीची जागा, गॅसचा प्रकार, भरलेले वजन, मशीनचा सीरियल नंबर आणि कामाची वॉरंटी लिहून घ्यावी, आणि त्याचा फोटो तापमानाच्या नोंदींसह घरमालकांना त्याच दिवशी पाठवावा. काकांना तीन बिले आणि फेसाचा व्हिडिओ एकत्र पाठवला, तेव्हा त्यांनी स्वतःहून विचारले की आधीच्या तिघांना पैसे कशाचे दिले. खर्च कोणी करायचा हे करारावर अवलंबून असते. नियमित सर्व्हिसिंग भाडेकरूने आणि मोठा बिघाड घरमालकाने, असे आमच्या लिव्ह अँड लायसन्स करारात लिहिलेले होते. आपल्या करारात तसे नसेल, तर नूतनीकरणाच्या वेळी ते वाक्य जरूर घालून घ्या.

काम वॉरंटीत असूनही मेकॅनिकची कंपनी दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. बिल घरमालकांच्या नावावर आहे म्हणून मागे हटू नका. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ नुसार, पैसे देणाऱ्याच्या संमतीने सेवेचा लाभ घेणारी व्यक्तीही ग्राहक ठरते. त्याआधी मात्र आउटडोर गॅलरीतून सुरक्षितपणे दिसत असेल, तर एसी बंद करून त्या दोन नटांचा जवळून एक फोटो काढा. तेलकट, काळा डाग दिसला, तर पुढच्या मेकॅनिकला फोनवरच सांगा की गॅस नंतर भरू, आधी ही जागा तपासायची आहे आणि येताना नायट्रोजन व व्हॅक्यूम पंप घेऊन या.